वाचकांचे प्रश्न : लोअरिंग स्प्रिंग, स्टॅबिलायझर बार आणि लिंक रॉड

गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांबद्दल, म्हणजे ज्यांना सगळे लोअरिंग स्प्रिंग म्हणतात त्यांच्याबद्दल, गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. बहुतेकांचे लक्ष स्प्रिंगच्या निवडीकडे आहे. बसवल्यानंतरचा त्रास मात्र अनेकदा स्प्रिंगशेजारच्या वीत-दीड वीत लांबीच्या एका दांडीतून सुरू होतो, जिला गॅरेजमध्ये लिंक रॉड म्हणतात. म्हणून या वेळी त्याच दांडीभोवतीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. स्टॅबिलायझर बार, अँटी-रोल बार आणि स्वे बार ही तिन्ही नावे एकाच भागाची आहेत. खाली मी पहिलेच नाव वापरले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०१८ची स्विफ्ट आहे. मूळ शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवून ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. दहा दिवसांतच पुढच्या डाव्या बाजूने खटखट सुरू झाली. लहान खड्ड्यात एक चाक गेले की आवाज येतो, पण मोठ्या गतिरोधकावरून गाडी सरळ नेली तर काहीच ऐकू येत नाही. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही शॉकअब्सॉर्बर गेले, बदलावे लागतील. बदलू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : इतक्यात बदलू नका. आपल्या पत्रातच निदानाचा धागा आहे, आणि आपण तो इतक्या नेमकेपणाने लिहिला याबद्दल मनापासून आभार. एक चाक खड्ड्यात गेले तर आवाज, दोन्ही चाके एकदम वर आली तर शांतता, हा फरक शॉकअब्सॉर्बरपेक्षा लिंक रॉडकडे बोट दाखवतो.

स्टॅबिलायझर बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पोलादी सळई. तिचा मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये गाडीच्या खालच्या चौकटीला धरलेला असतो आणि तिची दोन टोके दोन लिंक रॉडांनी दोन बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेली, तर ही सळई बुशांमध्ये नुसती फिरते, पिळली जात नाही आणि लिंक रॉडांवर जवळजवळ काहीच भार येत नाही. एकच चाक वर गेले किंवा वळणावर गाडी एका बाजूला झुकली, की सळई पिळली जाते आणि तो पीळ लिंक रॉडमधूनच सस्पेन्शनपर्यंत पोहोचतो. लिंकच्या सांध्यात थोडी जरी ढिलाई असली, तर भाराची दिशा बदलताना तो सांधा प्रत्येक वेळी ठोका देतो. शॉकअब्सॉर्बर किंवा त्याच्या वरचे माउंट खराब असते, तर गतिरोधकावरही आवाज आला असता; आणि माउंटची किंवा स्प्रिंगच्या बैठकीची तक्रार असती, तर उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण फिरवताना तार झंकारल्यासारखा किंवा अडखळल्यासारखा आवाज बहुधा आला असता.

खात्री करून घ्यायची असेल, तर सपाट जागी गाडी चारही चाकांवर उभी ठेवा, हँडब्रेक ओढा, डाव्या लिंकच्या वरच्या आणि खालच्या सांध्यावर आळीपाळीने बोटे ठेवा आणि दुसऱ्या माणसाला गाडी छताजवळ धरून डावी-उजवीकडे झोकायला सांगा. ढिला सांधा बोटांना लगेच कळतो. तेवढ्याने कळले नाही, तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, त्या कशालाही लागणार नाहीत अशा बांधून, रिकाम्या रस्त्यावर माणूस धावेल इतक्याच वेगाने शंभर-दोनशे मीटर जाऊन पाहा. आवाज थांबला, तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये आहे हे निश्चित समजा. एकच बाजू सोडून ही परीक्षा करू नका, आणि या अवस्थेत गाडी वर्दळीत नेऊ नका.

मग स्प्रिंगा बदलल्यानंतरच हे का झाले? स्विफ्टमध्ये लिंकचे वरचे टोक थेट स्ट्रटच्या (म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या एकत्र उभ्या जोडणीच्या) नळीवरील पट्टीला जोडलेले असते, त्यामुळे स्ट्रट बाहेर काढायचा तर लिंक सोडावीच लागते. लिंकच्या दोन्ही टोकांना गोळीचा सांधा असतो : पोलादी गोळी, तिच्याभोवती प्लास्टिकची वाटी, बाहेरून रबरी टोपी आणि गोळीतून निघालेला आटे पाडलेला दांडा. त्या दांड्याच्या तोंडाशी ॲलन कीसाठी षट्कोनी खाच असते, किंवा मागच्या बाजूला पाना धरण्यासाठी सपाट कडा असतात. नट सोडताना आणि आवळताना दांडा त्या जागी धरून ठेवायचा असतो. घाईत तो न धरता इम्पॅक्ट गन लावली, की नटाबरोबर गोळीही वेगाने फिरते, घर्षणाने प्लास्टिकची वाटी खरवडली जाते, रबरी टोपी पिळून फाटते, आणि बाहेरून ठीक दिसणारा सांधा आतून संपलेला असतो. शिवाय फिरणाऱ्या दांड्यामुळे नट घट्ट झाल्याचा आभास होतो, पण दांड्याचा खांदा पट्टीवर पूर्ण टेकलेलाच नसतो. माझ्या पाहण्यात लोअरिंगनंतरच्या खटखटीच्या बहुतेक तक्रारी या दोन कारणांवर येऊन थांबल्या आहेत.

म्हणून आधी डाव्या लिंकचे दोन्ही नट सोडून पाहा. सांधा हाताने हलवला तर त्याने घट्ट, सारखा विरोध करायला हवा. तो सैल लोंबत असेल किंवा एका जागी अडखळत असेल, तर लिंक बदला, आणि एक बदलायची तर दोन्ही बदला, कारण दुसरीही त्याच हातांनी आणि त्याच अवजाराने बसवलेली आहे. सांधा चांगला असेल, तर पट्टीवरचा गंज आणि माती तारेच्या ब्रशने साफ करा, स्वतः लॉक होणारे नट नवे घ्या, दांडा ॲलन कीने धरून नट आधी साध्या पान्याने बसवा आणि शेवटी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत टॉर्क रेंचने आवळा. जुना नट गंजून बसला असेल, तर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. ॲलनची खाच गोल झाली आणि लिंक तशीही बदलायचीच असेल, तर नट ग्राइंडरने कापणे हाच कमी त्रासाचा मार्ग.

हे काम करताना पुढची दोन्ही चाके एकदम उचला आणि गाडी कंपनीने खुणा केलेल्या जागी जॅक स्टँडवर ठेवा. एकच बाजू जॅकवर घेतली, तर एक चाक लोंबते, दुसरे दाबलेले राहते, बार पिळलेला असतो आणि त्याचा सगळा ताण लिंकवर असतो. अशा स्थितीत नट निघताच बारचे टोक झटक्याने उडते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः हीच चूक केली आणि मनगटाला झालेली दुखापत भरायला तीन आठवडे लागले. बसवतानाही भोक जुळत नाही म्हणून पहार घालून ओढाओढ केली जाते आणि नव्या सांध्याची रबरी टोपी पहिल्याच दिवशी फाटते.

आणखी एक जागा पाहून घ्या. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या खालच्या आडव्या हाताचे, बोल्ट स्प्रिंगा बसवताना सैल केले असतील आणि चाके लोंबत असतानाच पुन्हा आवळले असतील, तर गाडी जमिनीवर आल्यावर त्यांची रबरी बुश कायमची पिळलेली राहते आणि काही महिन्यांत फाटते. ते बोल्ट सैल करून गाडीचे वजन चाकांवर असताना पुन्हा आवळायला हवेत. ज्या गाड्यांत लिंकलाही गोळीऐवजी रबरी बुश असते, तिथेही हाच नियम लागू होतो. गोळीच्या सांध्याची लिंक मात्र चाक लोंबत असताना आवळली तरी बिघडत नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट : उंची बदलली की टो (वरून पाहता चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत) आणि कँबर (समोरून पाहता चाक किती कललेले आहे) दोन्ही बदलतात, म्हणून स्प्रिंगा बसल्यावर एकदा आणि त्या थोड्या बसकल्यावर, साधारण ५०० किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा ते करून घ्या.

प्रश्न : मी उंची कमी-जास्त करता येणारे पूर्ण स्ट्रट बसवले आहेत आणि सोबत लांबी बदलता येणाऱ्या लिंक घेतल्या आहेत. विक्रेता सांगतो, गाडी खाली आणली की लिंक आखूडच हवी. माझा मेकॅनिक म्हणतो, लांब हवी. बरोबर कोण?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गाडीखाली न वाकता दिलेले हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. या विषयात ‘खाली आणली की आखूड’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते नियमासारखे वाटू लागले आहे. तो नियम नाही.

गाडी खाली येते म्हणजे बॉडीच्या मानाने चाक वर जाते आणि चाकाबरोबर हलणारा प्रत्येक भाग वर जातो. आता लिंक कशाला जोडली आहे ते पाहा. ती स्ट्रटच्या नळीला जोडलेली असेल, तर लिंकचे वरचे टोक स्ट्रटवर आणि खालचे बारवर असते. गाडी ३५ मिलिमीटर खाली आली, की स्ट्रटवरची पट्टी तितकीच वर जाते आणि बारचे टोकही आपल्याबरोबर वर ओढते. बार पूर्वीच्याच कोनात ठेवायचा असेल, तर लिंक ३५ मिलिमीटर लांब हवी. इथे आपला मेकॅनिक बरोबर ठरतो. पण पुढची चाके ओढणाऱ्या काही गाड्यांत बारचा हात ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, वरून जातो. गाडी खाली आल्यावर ड्राइव्हशाफ्टचे बाहेरचे टोक वर येते आणि बारला घासू लागते. तिथे बार उचलून दूर न्यायचा असतो, म्हणून लिंक आखूड करावी लागते. इथे विक्रेता बरोबर ठरतो. म्हणजे एकाच प्रकारच्या जोडणीत दोन गरजा दोन दिशांना ओढतात, आणि शाफ्ट घासणे हा धोका असल्यामुळे त्याला अग्रक्रम द्यावा लागतो.

लिंक लोअर आर्मला जोडलेली असेल, तर चित्र उलटे होते. तिथे सहसा लिंकचे खालचे टोक आर्मवर आणि वरचे बारवर असते. आर्म वर गेला की तो बारला वर ढकलतो, आणि बार मूळ कोनात आणायचा तर लिंक आखूड करावी लागते. पण तीही पूर्ण ३५ मिलिमीटर नव्हे. लिंक आर्मच्या आतल्या बिजागरीपासून त्याच्या लांबीच्या ६० टक्क्यांवर जोडलेली असेल, तर ती जागा साधारण २१ मिलिमीटरच वर गेलेली असते.

आपल्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नव्या स्ट्रटवर लिंकची पट्टी मूळ स्ट्रटइतक्याच उंचीवर वेल्ड केलेली असेल याची खात्री नसते. जुना आणि नवा स्ट्रट शेजारी ठेवा, चाकाकडच्या खालच्या बोल्टच्या भोकापासून लिंकच्या भोकापर्यंतचे अंतर दोन्हींवर मोजा, आणि जो फरक येईल तो आधी हिशेबात धरा. उंचीच्या चर्चेत हे मोजमाप बहुतेकांच्या हातून राहून जाते.

लांबी ठरवायची ती चाकांवर वजन असताना. गाडी सपाट जागी किंवा चाकांखालून उचलणाऱ्या लिफ्टवर असावी, टाकी निम्मी भरलेली आणि चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन ठेवलेले असावे. आधी एका बाजूची लिंक वरच्या विचाराने अंदाजे लांबीवर जोडा. मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, चाक पूर्ण लोंबते ठेवून आणि सस्पेन्शन जॅकने वर दाबून, अशा तिन्ही स्थितींत बार शाफ्टला, टाय रॉडला (स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या दांडीला), ब्रेकच्या नळीला किंवा चौकटीला लागत नाही ना, ते पाहा. लिंकचा सांधा कोणत्याही टोकाच्या स्थितीत आपल्या वळण्याच्या मर्यादेला अडत असेल, तर तो पुढेमागे तुटणारच, लांबी बदला. हे जमले की गाडी पुन्हा जमिनीवर घ्या आणि दुसऱ्या बाजूची लिंक फिरवत फिरवत अशा लांबीवर आणा की तिचा दांडा भोकात नुसत्या बोटांनी सरकेल. जोर लावावा लागला, तर बार सरळ उभ्या गाडीतच पिळलेला आहे असे समजा. मग एका पुढच्या चाकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी वजन पडते आणि डाव्या व उजव्या वळणावर गाडीचे वागणे वेगळे होते. दोन्ही बाजूंच्या लिंकांची लांबी अगदी सारखी आली नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका. एकदोन मिलिमीटरचा फरक बारमध्ये आणि बॉडीत असतोच.

लॉकनट आवळण्याआधी आटा किती आत आहे ते पाहा. निदान दांड्याच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे १० मिलिमीटरच्या दांड्याला १५ मिलिमीटर, इतका तो आत असावा. लॉकनटवर रंगाची रेघ ओढून ठेवली, की पुढच्या तपासणीत तो फिरला का हे एका नजरेत कळते. आणि लिंक अजून परत करता येत असेल, तर उघड्या धातूच्या गोळीचा रेसिंगचा सांधा परत करून रबरी टोपीचा बंद सांधा घ्या. साताऱ्याहून कास किंवा महाबळेश्वरकडे पावसाळ्यात नेहमी जाणार असाल, तर उघडा सांधा चिखल आणि पाणी धरून खडखडू लागेल.

दुसऱ्या पत्रात आपण बारही २० ऐवजी २२ मिलिमीटरचा घेण्याचा विचार लिहिला आहे. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे दोनच मिलिमीटरने तो सुमारे ४६ टक्के वाढेल आणि लिंकवरचा भारही त्याबरोबर वाढेल. आधी आहे त्या बारवर गाडी महिनाभर चालवा.

प्रश्न : स्प्रिंग विकत घेण्याऐवजी मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, पैसे वाचतील, असे आमच्याकडचे एक कारागीर म्हणतात. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तिच्या बैठकीच्या आकाराप्रमाणे वळवलेला असतो. तो कापला, की उरलेले टोक बैठकीवर एका ठिकाणी टेकते आणि तिथेच ताण साठून स्प्रिंग तडकते. त्याहून मोठा धोका चाक लोंबल्यावर आहे : तयार लोअरिंग स्प्रिंगची मोकळी लांबी अशी ठरवलेली असते की शॉकअब्सॉर्बर पूर्ण ताणला तरी ती बैठकीत पकडलेली राहावी; कापलेली स्प्रिंग तेव्हा सैल होते, जागची सरकते आणि चाक पुन्हा टेकताना वाकडी बसते. काही जण स्प्रिंग गॅसने तापवून बसवतात, तो प्रकार तर याहून वाईट, कारण तापल्याने स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते आणि ती पुढे बसकतच जाते.

वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, हे खरे आहे. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला, तर ताठपणा सहा भागिले पाच, म्हणजे २० टक्के वाढतो. पण उंची किती उतरेल आणि त्या उंचीला किती ताठपणा लागेल, यांचा मेळ कापण्याने आपोआप बसत नाही. खाली आलेल्या गाडीला वर दाबले जाण्यासाठी कमी अंतर उरते. समजा, बंप स्टॉपला (सस्पेन्शनचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत पूर्वी ८० मिलिमीटर अंतर होते. ३५ मिलिमीटर उतरवल्यावर ४५ उरले. त्या अंतरात तोच खड्डा सोसायचा, तर स्प्रिंग विचारपूर्वक ताठ करावी लागते आणि बहुधा आखूड बंप स्टॉपही घालावा लागतो.

त्या कारागिराकडे स्प्रिंग दाबण्याचा कॉम्प्रेसर आहे का, तेही विचारा. स्प्रिंग समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबून बैठकीवरचा दाब पूर्ण गेल्याशिवाय स्ट्रटचा वरचा नट कधीही सोडायचा नसतो. या एका चुकीने माणसे जन्माची जायबंदी झालेली आहेत.

प्रश्न : आमच्याकडच्या रस्त्यांवर लिंक वर्षभरही टिकत नाहीत. त्या काढूनच टाकल्या तर गाडी जास्त आरामात चालते, असे एका मित्राने सांगितले. माझी गाडी ३० मिलिमीटर खाली आणलेली आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्राचा अनुभव खोटा नाही. बार सुटला, की एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही आणि गाडी मऊ वाटते. पण वळणावर ती पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त झुकते, आणि खाली आणलेल्या गाडीत हे अधिक घातक आहे. स्ट्रटच्या सस्पेन्शनमध्ये गाडी उतरवली, की लोअर आर्मचा उतार बदलतो आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढते, म्हणजे झुकवणारी तरफ लांब होते. त्यामुळे गाडी ठेंगणी झाली म्हणून ती आपोआप कमी झुकेल, हा समज चुकीचा आहे, आणि अशा गाडीला बारची गरज पूर्वीइतकीच किंवा जास्त असते. शिवाय पुढचा बार निघाला, की झुकणे रोखण्याच्या कामात मागच्या बाजूचा वाटा वाढतो, आणि समोर अचानक जनावर आले म्हणून स्टीअरिंग झटकले, तर मागची चाके पकड सोडण्याचा संभव वाढतो. कशेडीच्या किंवा आंबा घाटातल्या ओल्या वळणावर या धोक्याची परीक्षा कुणी घेऊ नये.

लिंक वर्षभर टिकत नसतील, तर त्या का तुटतात ते शोधा. रबरी टोपी आधी फाटते का? मग बार पिळलेला आहे किंवा सांधा मर्यादेला अडतो आहे. दांडा वाकतो का? मग स्वस्त माल येतो आहे. बारच्या मधल्या बुशही या निमित्ताने बदला आणि त्यांना साधे ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगते. वंगण लागतच असेल, तर सिलिकॉनचे वापरा.

त्याच पत्रात मागच्या लिंकबद्दलही विचारले आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. तो आडवा बीम स्वतःच पिळला जाऊन बारचे काम करतो, त्यामुळे तिथे बदलायला लिंकच नसतात.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. सातव्या पिढीची गोल्फ घेतली आहे आणि लोअरिंग स्प्रिंगा स्वतः बसवणार आहे. इथे काय जपावे?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : गोल्फमध्येही लिंक स्ट्रटलाच जोडलेली आहे, त्यामुळे वर सातारच्या वाचकांना लिहिलेले सगळे आपल्याला लागू आहे. कायद्याचा भाग मात्र वेगळा आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा आहे. जर्मनीत अशा स्प्रिंगांबरोबर बहुधा टाइलेगुटाख्टेन नावाचा तांत्रिक अहवाल मिळतो, ज्यात कोणत्या मॉडेलला, किती वजनाला आणि कोणत्या चाकांबरोबर त्या चालतात हे लिहिलेले असते. त्या अहवालाने बसवलेल्या स्प्रिंगांची तपासणी ट्यूफसारख्या मान्य संस्थेकडून लगेच करून घ्यावी लागते, नाही तर गाडीची रस्त्यावरची परवानगी रद्द ठरू शकते. लांबी बदलता येणाऱ्या लिंक घालणार असाल, तर त्यांच्यासाठीही कागद आहे का, ते आधी विचारा. नसेल, तर मूळ लिंकवर काम भागते का ते पाहा. ३० मिलिमीटरच्या आसपास ते बहुधा भागते. हेडलाइटची उंची पुन्हा जुळवा, आणि ती आपोआप बदलणारी असेल, तर सस्पेन्शनवरच्या सेन्सरची मूळ स्थितीही नव्याने नोंदवावी लागेल.

प्रश्न : गाडी खाली आणणे आपल्याकडे कायद्याने चालते का? आणि गतिरोधकांचे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदलासाठी, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणून काम करण्याआधी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेल्या स्प्रिंगा पाहिल्या, तर दाव्यात अडचण येऊ शकते.

गतिरोधकांचे गणित मला नेहमी विचार करायला लावते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ताशी २५ किलोमीटरसाठीचा गोलसर गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंदीचा आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंचीचा असतो. स्विफ्टच्या दोन आसांमधले अंतर २,४५० मिलिमीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि पोटाखाली फक्त ४४ मिलिमीटरचा उंचवटा येतो. कंपनीने दिलेली जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर. ३५ उतरवल्यावर १२८ उरते. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली आणलेली गाडीही आरामात जाते.

घासते ती गल्लीत आणि सोसायटीच्या दारात हाताने रचलेल्या, हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच उंचवट्यावर. तिथे पुढची चाके उतरल्यावर तो सगळा १५० मिलिमीटरचा ढीग पोटाखाली असतो. मूळ गाडी त्यावरून जेमतेम १३ मिलिमीटर वरून जाते आणि उतरवलेली गाडी २२ मिलिमीटरने अडते, तेही चार माणसे बसण्याआधी.

तेव्हा स्प्रिंग निवडण्याआधी रोजच्या वाटेवरचा सर्वांत उंच आणि अरुंद गतिरोधक शोधा. त्याच्या माथ्यावर एक सरळ काठी आडवी, जमिनीशी समांतर धरा आणि तिच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची पट्टीने मोजा. मग नेहमीची माणसे गाडीत बसवून पोटाखालच्या सर्वांत खालच्या भागाची उंची मोजा. दोहोंत जो फरक येईल, त्यातून १५ मिलिमीटर राखीव ठेवून जे उरेल, तितकीच गाडी उतरवा. काहीच उरत नसेल, तर मूळ स्प्रिंगांवरच चांगले शॉकअब्सॉर्बर, नव्या बुश आणि नव्या लिंक रॉड बसवून पाहा. वळणावरचा स्थिरपणा त्यातूनही बराच मिळतो.